नागपूर ते शिकागो नेमकं किती दूर, अन् तिकिटावरचे तास असे येडेवाकडे काहून दिसतात

आमच्या हिंगणघाट-समुद्रपूर पट्ट्यात आता गावागावातलं कोणी ना कोणी बाहेरदेशी आहे, कोणी जर्मनीत शिकून राहिलं, कोणी दुबईत साइटवर, कोणाची पोरगी लग्न होऊन शिकागोला गेली. अन् तिकीट निघालं की त्याचा स्क्रीनशॉट घरच्या ग्रुपवर येतो अन् तिथून वाद सुरू होतो. मामा म्हणतो पाच तासात पोचते, हे पाहा ना, दिल्लीवरून रात्री एकला निघते अन् सकाळी सहाला शिकागोत उतरते. दुसरा कोणी गुगल करून सांगतो की नागपूर-शिकागो बारा हजार नऊशे आहे, तिसरा म्हणतो आठ हजार, चौथ्याच्या फोनमध्ये सहा हजार नऊशेच्या वर काहीतरी निघते. गंमत अशी की आकडेवाल्या तिघांचंही बरोबर असते, चुकते एकट्या मामाचं, अन् मामाच सगळ्यात जोरात बोलतो.

आधी किलोमीटरचा घोळ मिटवू. नागपूरच्या सोनेगाव विमानतळापासून शिकागोच्या ओहेअर विमानतळापर्यंत पृथ्वीच्या पाठीवरून सगळ्यात जवळचं अंतर साधारण १२,९०० किलोमीटर भरते. तेच अमेरिकेवाल्यांच्या मैलात सांगितलं तर ८,००० मैल, कारण त्यांचा मैल १.६०९ किलोमीटरचा. अन् विमानवाले, जहाजवाले नॉटिकल मैल वापरतात, तो १.८५२ किलोमीटरचा, म्हणून त्यांच्या हिशोबात हेच अंतर ६,९५० च्या आसपास येते. फ्लाइटरडारसारखं अ‍ॅप उघडून वावरात उभं राहून वरच्या विमानावर बोट ठेवलं (नागपूरवरून दिवसभर कुठकुठली विमानं जातात ते एकदा पाहाच) तर स्पीड ४८० वगैरे दिसते, अन् पोट्टे म्हणतात एवढं मोठं विमान अन् ४८० च? ते ४८० नॉट आहेत भाऊ, म्हणजे तासाला ४८० नॉटिकल मैल, १.८५२ ने गुणा, ८८९ किलोमीटर होतात.

आता हे "सगळ्यात जवळचं" म्हणजे कोणतं. शाळेच्या भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून रेघ मारली तर ती जवळची वाटते, पण नसते. तो नकाशा म्हणजे गोल वस्तूची साल ताणून ताणून सपाट केलेली, मर्केटर नावाच्या नकाशावाल्याने १५६९ मध्ये जहाजांसाठी तशी पद्धत काढली अन् ती जहाजांना लय कामी आली, पण त्यात वरचे-खालचे देश फुगून जातात, ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसते अन् खरं तर आफ्रिका त्याच्या चौदा पट आहे. म्हणून नकाशा सोडा अन् एक संत्रं घ्या. त्यावर पेनाने दोन ठिपके द्या, दोन्ही देठापासून सारख्याच अंतरावर, पण एक अलीकडे अन् एक पार पलीकडच्या बाजूला. आता दोन ठिपक्यांमध्ये धागा धरा अन् ताणा. धागा आडवा राहतच नाही, आपोआप देठाकडे सरकतो. तोच जवळचा रस्ता. पृथ्वीवर हेच होते. नागपूर अन् हवाई बेटांमधलं होनोलुलू, दोन्ही जवळपास २१ अंश उत्तर अक्षांशावर आहेत, म्हणजे नकाशावर एकदम आडव्या रेषेत. त्या आडव्या रेषेने गेलं तर १२,७५० किलोमीटरच्या आसपास होते, अन् ताणलेल्या धाग्याच्या रस्त्याने १२,२५० च्या आसपास, म्हणजे ५०० किलोमीटर वाचले, अन् तो रस्ता वर चढून चढून ३९ अंशापर्यंत जातो, जपानच्या उत्तर भागावरून. अशी डायरेक्ट फ्लाइट काही नाही, फक्त हिशोब समजायला सांगितलं.

संत्र्याचं अजून एक बरं आहे, ते वरून-खालून थोडं चपटं असते अन् पृथ्वीही तशीच आहे, संत्र्याइतकी नाही, पण विषुववृत्तावरची त्रिज्या ६,३७८ किलोमीटर अन् ध्रुवाकडची ६,३५७, एकवीसचा फरक आहेच. अन् हे मोजायचा हिंदुस्थानात जो सगळ्यात मोठा खटाटोप झाला तो करणारा माणूस आमच्या हिंगणघाटात पुरलेला आहे, हे इथल्याच कित्येकांना माहीत नसते. विल्यम लॅम्बटन. १८०२ मध्ये मद्रासजवळ साखळीने जमीन मोजून त्याने सुरुवात केली, मग अर्धा टन वजनाचं थिओडोलाइट (कोन मोजायचं यंत्र) उचलून टेकडीटेकडीवर नेत, त्रिकोणाला त्रिकोण जोडत तो उत्तरेकडे सरकत राहिला, वीस वर्षं. एक अंश म्हणजे जमिनीवर नेमके किती मैल होतात, हा त्याचा प्रश्न होता. नागपूरकडे जाता जाता जानेवारी १८२३ मध्ये तो हिंगणघाटला वारला, वय सत्तरच्या घरात, कबर तिथेच आहे. पुढचं काम जॉर्ज एव्हरेस्टने नेलं, शिखराला ज्याचं नाव आहे तोच. लॅम्बटन म्हाताऱ्याने ज्या गोष्टीसाठी जन्म घालवला त्याचं उत्तर आता फोन सेकंदात देतो.

पण फोनशिवायही जमते, हे जवळच्या अंतरावर करून दाखवतो, दहावीच्या पोट्ट्याला येईल एवढंच आहे. उत्तर-दक्षिण एक अंश म्हणजे १११ किलोमीटर, कुठेही. पूर्व-पश्चिम एक अंश मात्र वर वर जाताना आकसत जातो, आपल्या भागात तो साधारण १०४.४ किलोमीटरचा आहे. नागपूर विमानतळ २१.०९ उत्तर, ७९.०५ पूर्व. मुंबई विमानतळ १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व. उत्तर-दक्षिण फरक २ अंश, म्हणजे २२२ किलोमीटर. पूर्व-पश्चिम फरक ६.१८ अंश, म्हणजे ६४५ किलोमीटर. आता पायथागोरस लावा, दोघांचे वर्ग करून बेरीज अन् वर्गमूळ, ६८२ येते. झालं. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे, म्हणजे पाहा तो रस्ता किती सरळ काढला (अर्थात तो भिवंडीजवळ आमण्याला संपतो, तिथून मुंबईत शिरायचा ताप वेगळा). हा पायथागोरस फक्त जवळच्या अंतरालाच चालतो, शिकागोला लावला तर पार फसतो, तिथे गोलावरची त्रिकोणमिती लागते.

तर नागपूरवरून शिकागोला धागा ताणला तर तो कुठून जातो? सगळ्यांना वाटते पश्चिमेला, अरबस्तान, युरोप, मग अटलांटिक. नाही. तो जवळपास सरळ उत्तरेला निघतो, दिल्ली, काश्मीर, मग किर्गिझस्तान-कझाकस्तान, रशियाचा उरलकडचा भाग, मग पार ८० अंश उत्तरेपर्यंत बर्फात, ग्रीनलंडवरून उतरून कॅनडा अन् शिकागो. अन् यात एक भारी गोष्ट निघते, दिल्ली अगदी याच रेघेवर बसते. म्हणजे नागपूर-दिल्ली साडेआठशे अन् दिल्ली-शिकागो बारा हजाराच्या थोडं वर, बेरीज केली तर थेट अंतराएवढीच. मुंबईमार्गे गेलं की मात्र साडेसातशे किलोमीटर जास्तीचे पडतात.

अर्थात कागदावरचा धागा अन् विमानाचा रस्ता एक नसतो. एक कारण डोंगर. तिबेटची जमीनच सरासरी साडेचार हजार मीटर, म्हणजे जवळपास पंधरा हजार फूट उंच आहे. विमानात हवेचा दाब गेला तर वरून जे मास्क पडतात त्यात ऑक्सिजन पंधरा-वीस मिनिटं पुरेल एवढाच असतो, तेवढ्यात पायलटला दहा हजार फुटावर खाली यावं लागते, अन् खाली जमीनच पंधरा हजार फुटावर असेल तर येणार कुठे? म्हणून तिथून जाणं सहसा टाळतात. दुसरं कारण राजकारण, अन् हे आजकाल जास्त जड पडून राहिलं. २०१९ मध्ये बालाकोटनंतर पाकिस्तानने काही महिने आकाश बंद ठेवलं होतं, एप्रिल २०२५ पासून पुन्हा भारतीय विमानांना बंद केलं, मग दिल्लीवरून निघालेलं विमान आधी खाली गुजरात-अरबी समुद्राकडे वळसा घेऊन मग पश्चिमेला, त्यात इंधन इतकं जाते की अमेरिका-कॅनडाच्या काही फ्लाइट्सला मधे व्हिएन्ना नाही तर कोपनहेगनला उतरून इंधन भरावं लागलं. फिनलंडवाल्यांचे तर याहून वाईट हाल झाले. २०२२ मध्ये रशियाचं आकाश बंद झालं अन् हेलसिंकी-टोकियो ही नऊ-साडेनऊ तासांची फ्लाइट तेरा तासांवर गेली, उत्तर ध्रुवावरून वळसा. शहरं जागच्या जागी, धाग्याचे किलोमीटर तेच, तास मात्र साडेतीन वाढले.

आता वारा. माझ्या मते सगळ्या विषयात हाच भाग सगळ्यात भारी आहे अन् हाच कोणाला माहीत नसतो. पुष्कळांना वाटते की पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते तर विमान वर जाऊन थांबलं की खालून शिकागो आपोआप येईल, निदान पश्चिमेला जाताना तरी लवकर पोचेल. असं होत नाही, काहून की पृथ्वीसोबत हवाही फिरते अन् विमानही फिरते. आत्ता तुम्ही ओट्यावर बसून हे वाचत असाल तर बसल्या बसल्या तासाला साडेपंधराशे किलोमीटरच्या वेगाने पूर्वेकडे चालले आहात, विमान उडताना हा वेग सोबत घेऊनच उडते, सोडून नाही. फरक पाडतो तो वारा. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर, जिथे ही विमानं उडतात तिथेच, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे पट्टे वाहतात, त्याला जेट स्ट्रीम म्हणतात. खाली विषुववृत्ताकडे गरम अन् वर ध्रुवाकडे थंड, या फरकामुळे हवा ध्रुवाकडे सरकू पाहते अन् पृथ्वीच्या फिरण्यामुळे ती पूर्वेकडे वळते. तासाला दीडशे-दोनशे किलोमीटर तर सहज, हिवाळ्यात कधी तीनशेच्याही वर.

विमान हवेत तासाला ९०० ने चालते म्हणू. समोरून शंभराचा वारा असला तर जमिनीच्या हिशोबाने ८०० च पडतात, मागून असला तर हजार. १२,००० किलोमीटर जायला १५ तास अन् यायला १२. वारा नसता तर दोन्हीकडून तेरा तास वीस मिनिटं. आता बेरीज करून पाहा, वारा असताना जाणं-येणं २७ तास, वारा नसताना २६ तास ४० मिनिटं. म्हणजे वारा जेवढा खातो तेवढा परत देत नाही, काहून की उलट्या वाऱ्यात आपण जास्त वेळ अडकून राहतो.

फेब्रुवारी २०२० मध्ये न्यूयॉर्कहून लंडनला निघालेलं ब्रिटिश एअरवेजचं जंबो एका वादळाच्या वाऱ्यावर बसून ४ तास ५६ मिनिटात पोचलं, वेग जमिनीच्या हिशोबाने तासाला १,३०० किलोमीटरच्या वर. आवाजापेक्षा जास्त झाला की मग, असं कोणी विचारेल, तर नाही, आजूबाजूच्या हवेच्या तुलनेत ते रोजच्याच वेगाने होतं, हवाच पळत होती. अन् याहून मस्त उदाहरण आपल्याच एअर इंडियाचं आहे. दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को फ्लाइट आधी अटलांटिकवरून जायची, साधारण १३,९०० किलोमीटर, पूर्ण रस्ताभर उलटा वारा. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी तीच उलट्या बाजूने, पूर्वेला पॅसिफिकवरून नेली, अंतर झालं १५,३०० च्या आसपास, चौदाशे किलोमीटर जास्त, अन् तरी साडेचौदा तासात पोचली, आधीपेक्षा दोन तासांच्या आसपास लवकर. येताना पुन्हा अटलांटिकवरून मागचा वारा घेत, म्हणजे जाऊन-येऊन पृथ्वीला पूर्ण चक्कर. लांबचा रस्ता लवकर पोचवतो हे एसटीत बसून कोणाला सांगितलं तर हसतील, पण आकाशात ते रोजचं आहे, पायलटला निघायच्या आधी त्या दिवसाचा वारा पाहून आखलेला रस्ताच हातात देतात, म्हणून कालचा रस्ता अन् आजचा रस्ता कधीकधी शेकडो किलोमीटरने वेगळा असतो.

तिकिटावरचे तास म्हणजे उडायचे तास नाहीत हेही ध्यानात घ्या. विमान गेटवरून हललं तिथून ते दुसऱ्या गेटवर थांबेपर्यंत, एवढं सगळं त्यात धरतात. म्हणून नागपूर-मुंबई ६८२ किलोमीटर, ८०० च्या वेगाने ५१ मिनिटात व्हायला पाहिजे, अन् तिकिटावर दीड-पावणेदोन तास. मागे ढकलणं, रनवेपर्यंत सरपटणं, रांग, मग दहा हजार फुटाच्या खाली असेपर्यंत २५० नॉटच्या वर जायचं नाही असा साधारण नियम, अन् मुंबईचे दोन रनवे एकमेकांना छेदतात म्हणून दोन्ही एकदम मोकळे वापरता येत नाहीत, मग वर चकरा मारत बसा. वरून कंपनी थोडी जास्तीची मिनिटं आधीच घालून ठेवते, म्हणजे उशीर झाला तरी "वेळेवर" लिहिता येते. छोट्या फ्लाइटमध्ये हे सगळं मिळून अर्धा वेळ खाते, पंधरा तासांच्या फ्लाइटमध्ये जाणवतही नाही. अन् कंपन्या जास्त जोरात काहून चालवत नाहीत, तर आवाजाच्या वेगाच्या जवळ गेलं की हवेचा विरोध एकदम वाढतो अन् इंधन पाण्यासारखं जाते, म्हणून आजची विमानं १९७० च्या जंबोपेक्षा काही जास्त पळत नाहीत. आवाजाहून जोरात उडणारं कॉन्कॉर्ड विमान पळायचं, ते २००३ ला बंद झालं.

आता मामाचे पाच तास. पृथ्वी २४ तासात ३६० अंश फिरते, म्हणजे तासाला १५ अंश, एका अंशाला चार मिनिटं. नागपूर अन् मुंबईत सहा अंशांचा फरक, म्हणून मुंबईत सूर्य आपल्यापेक्षा साधारण पंचवीस मिनिटं उशिरा मध्यावर येतो, पण पूर्ण देशाने ८२.५ अंशाच्या रेखावृत्ताचं एकच घड्याळ धरलं म्हणून आपल्याला पत्ता लागत नाही. शिकागोचं घड्याळ आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेदहा तास मागे असते, हिवाळ्यात साडेअकरा. तिकिटावर निघायची वेळ निघायच्या गावची अन् पोचायची वेळ पोचायच्या गावची लिहितात. तर जूनमध्ये रात्री एकला दिल्लीहून निघाले अन् शिकागोच्या सकाळी सहाला उतरले, तर तेव्हा आपल्या इथे दुपारचे साडेचार वाजलेले असतात. एक ते साडेचार, साडेपंधरा तास. येताना शिकागोहून सकाळी साडेअकराला निघाले अन् दिल्लीत दुसऱ्या दिवशी दुपारी साडेबाराला उतरले, तर दिसायला पंचवीस तास दिसतात, खरे साडेचौदा.

घड्याळाचा फरक डोक्यात ठेवायचा कंटाळा असेल तर सोपं आहे, दिसणारे दोन्ही आकडे, पाच अन् पंचवीस, बेरीज करा, तीस, अर्धे करा, पंधरा. एका बाजूचा सरासरी खरा वेळ निघाला. जाताना घड्याळ जेवढं लपवते तेवढंच येताना वाढवून दाखवते म्हणून ते कटून जाते. फक्त मधे मार्च किंवा नोव्हेंबर आला तर पाहावं लागते, अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे करतात अन् नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी परत मागे. पोरीचा फोन रोज रात्री आठला यायचा तो नोव्हेंबरात एकदम नऊला येऊन राहिला तर तिचं काही बिघडलं नाही, तिथलं घड्याळ बदललं.

मधे एक थांबा असला की किलोमीटरचा हिशोब मागेच पडतो. नागपूरवरून दोहामार्गे शिकागो धरलं तर २,८५० अन् ११,४५०, मिळून १४,३०० च्या आसपास, थेटपेक्षा चौदाशे जास्त, म्हणजे दीड तास उडणं फक्त. पण उतरणं, सिक्युरिटी, दुसऱ्या गेटपर्यंत चालणं, पुन्हा चढणं, अन् मधला थांबा दोन तासांचा आहे की अकरा तासांचा, यावर पूर्ण प्रवास वीस तासांचा होतो की तीसचा ते ठरते. म्हणून तिकीट घेताना किती किलोमीटर पाहू नका, एकूण तास पाहा, अन् दोन्ही फ्लाइट एकाच पीएनआरवर आहेत का ते पाहा, वेगवेगळ्या तिकिटांवर पहिली लेट झाली की दुसरीवाला ओळखत नाही.

अन् शेवटची गोष्ट तारखेची, यात भले भले गंडतात. तिकिटावर उतरायच्या वेळेपाशी +१ असलं तर तो दुसरा दिवस. अन् निघायची वेळ १० तारीख, ००:४० अशी असली तर ती ९ ची मध्यरात्र उलटल्यावरची आहे. विमानतळावर तीन तास आधी पोचायचं, हिंगणघाटहून दीडएक तास धरा, विमानतळ वर्धा रोडवरच लागते, शहरात शिरावं लागत नाही, तरी बुटीबोरीला ट्रकांची गर्दी असते. म्हणजे ९ तारखेलाच रात्री आठच्या आत घर सोडायचं. गाडीवाल्याला नुसतं "१० तारखेची फ्लाइट आहे" असं सांगाल तर तो १० च्या संध्याकाळी दारात येऊन हॉर्न मारेल, त्याला ९ च सांगा.